दाराआडून उपस्थित

चार इंचांची लोखंडी कडी आणि चार स्क्रू. बसवायला दहा मिनिटं. सुतार गप्पिष्ट असेल तर पंधरा. ही कडी बसवायला मला चार महिने लागले आणि त्या चार महिन्यांतली बावन्न मिनिटं मी शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहात, बंद दाराच्या आत काढली. लोक नेमका एवढाच भाग लक्षात ठेवतात. आमच्या ऑफिसात तर कालपरवापर्यंत कोणी दार लावलं की माझ्याकडे बघून हसायचे. म्हणून एकदा सगळं पहिल्यापासून सांगून टाकतो.

मी शाळा समितीत गेलो तो हात वर केल्यामुळे. पालकांची सभा चालू होती, उकडून जीव नकोसा झाला होता आणि डोक्यावरचा पंखा बंद होता. पंख्याचं बटण कुठे आहे हे विचारायला मी हात वर केला. त्याच क्षणी मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या होत्या, "तर मग पाचवे पालक सदस्य व्हायला कोण तयार आहे?" टाळ्या पडल्या. माझी बिनविरोध निवड झाली. पंखा शेवटपर्यंत बंदच राहिला.

"हात दाखवून अवलक्षण," घरी आल्यावर बायको म्हणाली. "तुम्हाला हात खाली ठेवून बसता येत नाही का?"

मी म्हटलं, मिळाला मान तर मिरवावा थोडा. मी विमा कंपनीत दावे तपासतो. लोकांच्या अर्जांवर 'अपूर्ण' असा शिक्का मारण्यात माझी बावीस वर्षं गेली. नियम, ठराव, टिपणी हे माझं घरचंच अंगण. शाळेच्या समितीत मी सहज चमकेन, असं मला वाटलं होतं. माणसाला काहीही वाटू शकतं.

त्याच सुमारास आमच्या कन्येच्या दप्तरातली पाण्याची बाटली जशीच्या तशी भरलेली घरी यायला लागली. कन्या सहावीत. सकाळी भरून दिलेलं पाणी संध्याकाळी तेवढंच. मग तिच्या पोटात दुखायला लागलं, ताप आला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि मला खडसावलं. "ही दिवसभर पाणी पीत नाही. लघवी धरून ठेवते. पुन्हा असं झालं तर गोळ्यांवर भागणार नाही. कारण काय ते शोधा."

कारण बाहेर यायला दोन दिवस लागले, आणि तेही आईच्या कानात. शाळेच्या पहिल्या मजल्यावर मुलींसाठी तीन दारं. तिन्हींना आतून कडी नाही. कधी तुटली ते कोणालाच माहीत नाही. मुलींनी त्यावर आपली पद्धत काढलेली: दोघींनी मिळून जायचं, एक आत, दुसरी बाहेरून दार धरून उभी. प्रत्येकीची एक दार धरणारी ठरलेली. मैत्रीण कशी निवडायची तर हात मजबूत पाहिजे आणि लक्ष इकडेतिकडे जायला नको. यंदा तुकड्या बदलल्या आणि कन्येची दार धरणारी दुसऱ्या वर्गात गेली. नव्या वर्गात सगळ्यांच्या जोड्या आधीच जमलेल्या. हिला कोणी उरलंच नाही. तेव्हा हिने पाणीच सोडलं.

हे ऐकून मला जेवण गेलं नाही. रोज रात्री मी मोठ्या प्रेमाने तिची बाटली घासत होतो, आणि ती भरलेली का येते हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

"उद्या कडी लागलीच म्हणून समज," मी कन्येला सांगितलं. "बाबा समितीत आहे."

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी मुख्याध्यापिका बाईंकडे गेलो. बाई चांगल्या आहेत. उंच, करड्या आवाजाच्या, आणि टेबलावर एक कागद इकडचा तिकडे नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगदी खरं आहे तुमचं. समितीत मांडा."

"बाई, कडी आहे हो. आज सुतार बोलावला तर..."

"आज तुमच्यासाठी कडी, उद्या दुसऱ्या कोणासाठी खिडकी. मग समिती कशाला? तुम्ही तर सदस्य आहात. तुम्हीच नियम मोडायचा?"

बावीस वर्षं मी हेच वाक्य लोकांना ऐकवत आलोय. आपलेच दात आपलेच ओठ, बोलणार कोणाला?

समितीत अकरा जण. अध्यक्ष मुख्याध्यापिका, तीन शिक्षक, आम्ही पाच पालक आणि दोन विद्यार्थी. निदान सहा जण हजर असले तरच सभा भरायची. त्याला ते कोरम म्हणतात. हेडक्लार्क सचिव. त्यांना मत नाही, पण इतिवृत्त त्यांच्या हातात, म्हणजे सगळं त्यांच्या हातात. विद्यार्थ्यांपैकी एक आठवीतला. सभेला बिस्किटं असतात एवढ्यावर तो खूश होता. दुसरी नववीतली मुलगी. चष्मा, हातात नियमांची पुस्तिका, तिच्या पानापानांत कागदाच्या खुणा. मनातल्या मनात मी तिचं नाव 'नववी' ठेवलं.

पहिल्या सभेत मागच्या सभेच्या इतिवृत्तावर चाळीस मिनिटं चर्चा झाली. मागच्या सभेत त्याच्या मागच्या सभेच्या इतिवृत्तावर चर्चा झाली होती, ती नीट उतरलीय की नाही, यावर. मग मैदानाच्या कुंपणाचा रंग. मी कडीचं बोललो तर हेडक्लार्क म्हणाले, "विषयपत्रिकेत नाही. ऐनवेळचे विषय, सर्वांत शेवटी."

"मुलींचा हा विषय माझाही आहे," नववी उठून म्हणाली.

"विद्यार्थ्यांचे विषय ऐनवेळच्या विषयांतच येतात. बस."

आणि आम्ही ऐनवेळच्या विषयांपाशी पोचलो तेव्हा पाचची घंटा झाली. पाचच्या घंटेनंतर विद्यार्थ्यांनी आवारात थांबायचं नाही, हा शाळेचा नियम. नववीने पुस्तिका मिटली, आठवीने दोन बिस्किटं खिशात घातली, आणि दोघं निघून गेली. विषय मांडणारी सदस्या गैरहजर, सबब विषय पुढे ढकलला.

जिन्यात मी तिला गाठलं. ती म्हणाली, "काका, मी सातवीपासून समितीत आहे. ही कडी मी अकरा वेळा मांडलीय. अकरा वेळा घंटा झाली. आजची बारावी."

मी तिला म्हटलं, "तेरावी होणार नाही. शेंडी तुटो की पारंबी तुटो." बोलून तर गेलो. मला शेंडी नाही आणि डोक्यावरचे केसही बेताचेच आहेत, ही गोष्ट वेगळी.

आता शेजारच्या काकांबद्दल. हे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना सल्ला विचारावा लागत नाही. आपण कुलूप काढत असलो की मागे येऊन उभे राहतात. ते म्हणाले, "चुकलात. तोंडी बोलून कधी काही होतं का? कागद करा. नकाशा जोडा. नकाशाशिवाय प्रस्ताव म्हणजे मिठाशिवाय आमटी."

मी कागद केला. दार कसं आहे, कडी किती उंचीवर, किती इंच, सगळं मोजूनमापून नकाशात काढलं. मोजूनमापून म्हणजे अंदाजाने. मुलींच्या स्वच्छतागृहात मी कसा जाणार? सही ठोकली आणि विषयपत्रिकेत अधिकृतपणे दाखल केला.

काकांच्या कागदाने चमत्कार केला. दुसऱ्या सभेत विषय चक्क चौथा आला आणि समितीने तत्काळ उपसमिती नेमली. ड्रिलचे सर, बेकरीवाले पालक आणि मी. हेडक्लार्क निमंत्रक. नववी म्हणाली, "एखादी मुलगी नको का त्यात?" तर उपसमितीच्या बैठका शाळेच्या वेळेत, मुलींचा अभ्यास बुडेल, त्यांच्याच हिताचा विचार करून त्यांना वगळण्यात येत आहे, असं ठरलं. मी तेव्हा गप्प बसलो. उपसमितीचा प्रमुख म्हणून नुकतंच माझं नाव पुकारलं होतं, आणि खोटं कशाला बोला, बरं वाटत होतं.

चार पुरुषांनी मग तीन आठवडे, कधीही न पाहिलेल्या खोलीच्या दाराची चर्चा केली. ड्रिलचे सर म्हणाले, कडी पितळी हवी. बेकरीवाले म्हणाले, पितळ काळं पडतं, माझ्या भट्टीच्या दाराचं बघा. आम्ही त्यांच्या भट्टीचं दार बघायला गेलो. दार उत्तम होतं, बिस्किटंही उत्तम होती. शेवटी लोखंडी कडी ठरली. एका मंगळवारी, शाळा सुटल्यावर, शिपाईमामांच्या देखरेखीखाली सुताराने तिन्ही दारांना कड्या ठोकल्या.

मी घरी येऊन कन्येला बातमी दिली. ती आनंदाने उडीच मारायची बाकी होती. बुधवारी सकाळी तिने माझ्यासमोर बाटलीतलं अर्धं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. मी आरशासमोर उभा राहून उगाच दोनदा भांग पाडला.

कड्या बाहेरून बसवल्या होत्या.

सुताराला विचारलं तर त्याने खिशातून माझाच नकाशा काढला. "साहेब, यात आत कुठलं, बाहेर कुठलं लिहिलंय कुठे? कडी काढलीय ती अशी समोरून दिसतेय. समोरून म्हणजे बाहेरूनच की." खाली माझी सही. लोकांचे अर्ज 'अपूर्ण' म्हणून परत पाठवणाऱ्या माणसाची.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी तोंड लपवून राहिलो असतो. पण शाळेतली नवी वस्तू, म्हणून हेडक्लार्कांनी शेजारी सुवाच्य अक्षरात पाटी लावली: 'वापरानंतर कडी लावावी.' मुली शिस्तीच्या. आत कोणी आहे की नाही न बघता, एका शिस्तीच्या मुलीने जाता जाता उघडी कडी लावून टाकली. आत आमची कन्या. गणिताचा अख्खा तास ती दार वाजवत होती. सफाईच्या मावशी बादली न्यायला आल्या तेव्हा कुठे सुटली. वर उशिरा आली म्हणून वर्गात उभी राहिली.

त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाटली घेऊनच गेली नाही. मला इतकी लाज वाटली, की बायको काही बोलेना म्हणून मीच म्हटलं, "बोल ना काहीतरी." ती म्हणाली, "काय बोलू? तुम्ही एका पोरीसाठी अकरा माणसं कामाला लावलीत, आणि त्या पोरीला दार कसं हवंय हे एकदाही विचारलं नाहीत."

शेजारचे काका म्हणाले, दुरुस्ती प्रस्ताव करा. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर दार लावलं. आतून.

पुढची सभा शनिवारी होती, अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर, बाराला. मी अकरालाच हत्यारांची पिशवी घेऊन शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं, "माझी चूक आहे, मी निस्तरतो. एक कडी तरी आज आत जाणार." त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत, त्यांनी कागदात डोकं घातलं. मी त्याला होकार मानला. सुटल्याची घंटा झाली, मुली गेल्या, शिपाईमामांनी मजला रिकामा असल्याची खात्री केली, आणि मी पहिल्यांदा त्या दाराच्या आत पाऊल टाकलं.

बाहेरची कडी काढली, आत बसवली. चौकटीत भोक थोडं तिरपं पडलं. सुताराचा जन्म नव्हता माझा. पण कडी लागते की नाही हे पाहायला नको? मी दार लोटलं आणि कडी सरकवली. ती अडली. हातोडीच्या दोन ठोक्यांनी बसवली. छान बसली. इतकी छान, की परत निघेचना. हिसके मारले, तर मूठच उतरून हातात आली. स्क्रू काढावेत तर पेचकस बाहेर खिडकीच्या कट्ट्यावर.

मी "मामा, मामा" अशा हाका मारल्या. मामा खाली सभेच्या खुर्च्या मांडत होते.

तिकडे सभा भरली. बाई, ड्रिलचे सर, विज्ञानाच्या बाई, बेकरीवाले आणि नववी. पाच. आठवीला समजलं होतं की शनिवारी बिस्किटं नसतात. सहावा मी, आणि मी सापडेना. त्या दिवशी वर्षाचा आराखडा मंजूर व्हायलाच हवा होता. सोमवारी तो वरच्या कार्यालयात पोचला नाही तर बाईंना जाब द्यावा लागला असता. सगळे मला शोधत सुटले. नववीला मात्र कुठे बघायचं ते ठाऊक होतं.

"काका, आत आहात?"

"आहे. कट्ट्यावरचा पेचकस दाराखालून दे, बाळ."

पेचकस आत आला. मागोमाग पावलं आली आणि बाईंचा आवाज आला. "या बाहेर लवकर. तुमच्यावाचून कोरम अडलाय. आराखडा मंजूर करू आणि सगळे जेवायला जाऊ."

मी पेचकस स्क्रूला लावला, आणि थांबलो. आराखडा मंजूर, आणि सगळे जेवायला. आणि कडी? ती ऐनवेळच्या विषयांत. हातात ती उतरलेली मूठ, समोर बंद दार, आणि डोळ्यांपुढे याच दारावर तासभर थापा मारणारी आमची पोर. माझं डोकंच फिरलं.

"बाई," मी आतून म्हणालो, "मी बाहेर येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कडीचा विषय पहिला घ्या, आणि इथेच घ्या. नाहीतर कोरम आत बसलाय तो आतच राहील."

"अहो, हा काय पोरखेळ?" हेडक्लार्क ओरडले. "स्वच्छतागृहासमोर सभा? आणि आत बसलेला माणूस उपस्थित कसा?"

पानं चाळल्याचा आवाज आला. "नियम सात," नववी वाचायला लागली. "सभा शाळेच्या आवारात भरावी आणि सदस्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू यावं. एवढंच आहे. एकमेकांची तोंडं दिसावीत असं कुठेही लिहिलेलं नाही. काका, ऐकू येतंय?"

"खणखणीत!"

"आणि आज घंटा होऊन गेलीय, बाई," ती म्हणाली. "आज मला घालवायला दुसरी घंटा नाही."

मला वाटलं, आता बाई चिडणार. माझं काय, मी पालक. पोरीला मात्र सोमवारी शाळेत यायचं होतं. दाराच्या फटीतून मला बाईंच्या चपला दिसत होत्या. त्या पुढे आल्या. शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला, मग ते नुसतंच लोटल्याचा, मग ते आपोआप करकरत उघडल्याचा. असं दोनदा झालं. बाहेरची कडी असलेलं, आतून न लागणारं दार बाई आत उभ्या राहून लावून बघत होत्या.

"मी याच शाळेत शिकले," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "माझी पण एक मैत्रीण होती दार धरायला. तिला गोवर झाला तेव्हा मी आठवडाभर शाळेत आले नव्हते." त्यांचा करडा आवाज नेहमीसारखा राहिला नव्हता. "पंधरा वर्षं झाली, मी कर्मचाऱ्यांचं स्वच्छतागृह वापरते. त्याला कडी आहे. मला हे आठवायला हवं होतं." मग एकदम, "मामा, खुर्च्या वर आणा. विषय क्रमांक एक, कडी. मांड गं."

नववीने मांडलं. बारा सभांत साठवलेलं सगळं तिने पाच मिनिटांत सांगितलं. तिन्ही कड्या आतून, सोमवारी, आणि मुलींनी लावून बघितल्याशिवाय सुताराला सोडायचं नाही. जी खोली जे वापरतात त्यांच्यातलं कोणी असल्याशिवाय त्या खोलीची उपसमिती नाही. आणि विद्यार्थ्यांचे विषय यापुढे पहिले. ड्रिलचे सर म्हणाले, "पहिले म्हणजे जरा..." विज्ञानाच्या बाईंनी त्यांच्याकडे फक्त बघितलं. ठराव एकमताने मंजूर झाला. नोंदवही दाराखालून आत आली आणि मी मांडीवर घेऊन सही केली. माझ्या नावापुढे हेडक्लार्कांनी मोठ्या नाइलाजाने लिहिलं होतं: 'दाराआडून उपस्थित.'

मग मी ऐटीत पेचकस लावला. तीन स्क्रू निघाले. चौथ्याची खाच झिजली आणि तो जागचा हलेना.

सुतार येईपर्यंत वर्षाचा आराखडा मंजूर झाला, कुंपणाचा रंग ठरला आणि इतिवृत्तसुद्धा कायम झालं. बेकरीवाल्यांनी दाराखालून दोन बिस्किटं सरकवली. बसल्या जागेचा विचार करून मी ती नम्रपणे परत केली. बावन्न मिनिटांनी दार उघडलं तेव्हा समोर अख्खी समिती, मामा, मावशी आणि मला न्यायला आलेली बायको उभी होती. तिने माझ्या शर्टावरचा भुसा तेवढा झटकला.

सोमवारी तिन्ही कड्या लागल्या. नववीने प्रत्येक कडी दहादहा वेळा लावून बघितली. पाटी निघाली.

आणि बाटली? सोमवारी भरलेली आली. मंगळवारी भरलेली. ठराव झाला म्हणून भीती काही उठून जात नाही. मी विचारायला तोंड उघडायचो आणि बायको डोळे वटारायची. बुधवारी एक घोट कमी होता, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. मी रोज दप्तर उचलून जागेवर ठेवायचो, वजनावरूनच कळायचं.

शुक्रवारी दप्तर उचललं आणि माझा हात वरच गेला. बाटली काढून हलवली. काही वाजेना. झाकण उघडून उलटी केली, तर एक थेंब माझ्या पायावर पडला.

"सांडलं का गं?" मी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"नाही," वहीतून डोकं वर न काढता कन्या म्हणाली. "प्यायले. बाबा, ही बाटली पुरत नाही. मोठी आणशील?"

मी चपला घातल्या आणि तसाच बाहेर पडलो. दुकानदाराने विचारलं, किती मोठी? म्हटलं, तुझ्याकडे असेल ती सगळ्यात मोठी दे.